मौसीच्या कडेवरून

दत्तक बाळाबद्दल आम्हाला हमखास दोन गोष्टी विचारल्या जातात. कागदपत्रांचा त्रास किती झाला, आणि लळा लवकर लागला का. पहिल्याचं उत्तर चटकन देता येतं. दुसऱ्याचं उत्तर जिन्यात उभ्या-उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांची नोंदणी झाली आहे आणि जे वाट बघताहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्या आजी-आजोबांसाठीही. सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त धीर त्यांनाच धरावा लागतो.

कागदांचं आधी सांगून टाकते. आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. घरात मी, नवरा आणि सासूबाई. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं, कागद चढवले, समाजसेविका घरी येऊन गृह अध्ययन अहवाल करून गेल्या. हा अहवाल तीन वर्षं चालतो. आमचा नंबर लागायच्या आतच त्याची मुदत संपली आणि तो नव्याने करावा लागला, यावरून थांबण्याचा अंदाज यावा. मग एका संध्याकाळी फोटो आला, सोबत बाळाचा अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल. बाळ राखून ठेवायला ४८ तास मिळतात. आमच्या डॉक्टरबाईंनी अहवाल वाचला, दोन-तीन शंका विचारल्या, आणि त्याच रात्री आम्ही होकार कळवला.

मनी तेव्हा आठ महिन्यांची होत आली होती. (मनी हे घरातलं नाव. कागदावरचं नाव तिचं आहे, कुणाला सांगायचं ते मोठी झाल्यावर तीच ठरवेल.) “इतकी मोठी का घेता, तान्हं नाही का मिळत?” असं नात्यातल्या बऱ्याच जणींनी विचारलं. जन्मदात्यांनी मूल सुपूर्द केलं, तर फेरविचारासाठी कायदा त्यांना ६० दिवस देतो. सापडलेलं मूल असेल, तर आधी त्याच्या माणसांचा शोध घ्यावा लागतो. मग बाल कल्याण समिती ते मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करते, आणि त्यानंतर पोर्टल, यादी, पाळी. हा वेळ लागायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोठी माणसं तो नुसता थांबण्याचा काळ समजतात आणि बाळ तर त्या काळातही जगत असतं, कुणाच्या तरी मांडीवर वाढत असतं. या सगळ्या प्रक्रियेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही मांडी, आणि कुठल्याही अर्जात तिच्यासाठी रकाना नाही.

मनीला आणायला जायच्या आधी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बसवून घेतलं. म्हणाल्या, पहिले काही महिने बाळ बहुतेक कुणाकडेही जातं, कुणाकडे बघूनही हसतं. सातव्या महिन्याच्या आसपास ते माणूस निवडतं. ठरावीक माणूस खोलीबाहेर गेला की रडतं, अनोळखी चेहरा दिसला की तोंड लपवतं. शाफर आणि इमर्सन या दोन संशोधकांनी ग्लासगोतल्या ६० बाळांच्या घरी महिन्या-महिन्याला जाऊन हे टिपलं होतं, १९६४ साली तो अभ्यास छापून आला. “तुमची मुलगी नेमकी याच वयात घर बदलणार आहे. तिकडे तिचं कुणी असेल. ते कोण, हे आधी शोधा.”

मनी होती ती संस्था मध्य प्रदेशातच, पण दुसऱ्या जिल्ह्यात. शोधावं लागलंच नाही. पाळण्यांच्या खोलीत एक मौसी, म्हणजे बाळांना सांभाळणाऱ्या बाई, उभ्या होत्या. सुती साडी, दोन्ही हातांत कोपरापर्यंत येतील इतक्या काचेच्या बांगड्या, आणि कडेवर मनी. मी हात पुढे केले. मनीनं माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मौसींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काय दिसलं कोण जाणे, आणि त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. कार्यालयातल्या बाई ओशाळून म्हणाल्या, “थोड़ा टाइम लगेगा, मैडम।” मला मात्र हायसं वाटलं. घाबरल्यावर तोंड लपवायला या मुलीकडे एक खांदा होता. एकाचा लळा लागलेल्या बाळाला दुसऱ्याचा लागू शकतो, हे डॉक्टरबाईंनी सांगितलेलं होतं. काळजी करावी ती कुणाच्याही कडेवर सारख्याच सहजतेनं जाणाऱ्या आठ-दहा महिन्यांच्या बाळाची.

आम्ही त्या गावात काही दिवस लॉजवर राहिलो आणि रोज संस्थेत जाऊन बसलो. घेण्याची घाई केली नाही. मौसी दूध पाजत, आम्ही शेजारी. मग मौसींच्या मांडीवर मनी आणि बाटली माझ्या हातात. मग मनी माझ्या मांडीवर आणि मौसी समोर. मधल्या वेळात मी वहीत लिहून घेत होते, कारण मौसींना माहीत होतं ते कुठल्याच अहवालात नव्हतं. “बाईं करवट लेके थपकना दीदी, पीठ पे नहीं, कूल्हे पे। नींद लग जाए तो सीधी सुला देना।” दूध पाजताना बोलत राहायचं, गप्प बसलं की ती बाटली सोडून तोंडाकडे बघत राहते. आंघोळीचं पाणी अंगावर घ्यायच्या आधी तिच्या पायाला लावायचं. संध्याकाळी दिवे लागले की ती किरकिरते, तेव्हा खिडकीशी न्यायचं.

निघायच्या दिवशी मी तिचं दुपटं मागून घेतलं, न धुतलेलं. मौसींनी तिच्या तळपायाला काजळाची तीट लावली, तिला माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या. गाडीपर्यंत आल्या नाहीत.

इंदूरला पोहोचल्यावर पहिले काही दिवस मनी रडलीच नाही. दूध पिई, झोपे, जिथे ठेवू तिथे बसून राही. बघायला आलेला जो-तो म्हणे, “किती गुणी गं, आवाजसुद्धा नाही!” आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दृष्ट काढली. मला त्या शांततेची धास्ती वाटत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही शांतता नाही, बाळ थबकलं आहे. ओळखीचा वास, आवाज, उजेड, सगळं एका दिवसात गेलं. ते परत येतं का, याची ती वाट बघते आहे. मग त्यांनी पाहुणे बंद करायला सांगितले. काही आठवडे पाजणं, भरवणं, झोपवणं, रडली तर उचलणं, हे फक्त आम्ही दोघांनी करायचं. बाकीच्यांनी खेळवावं, बोलावं, पण पोटाची आणि झोपेची वेळ आई-बाबांची.

आपल्याकडे हे सांगणं सोपं नाही. बाळ आलं की घर भरतं, बाळ या हातातून त्या हातात फिरतं, आणि त्यात माया असते. आईंनी तर उष्टावणाची तयारी केली होती. माझा भाऊ, म्हणजे मनीचा मामा, चांदीची वाटी घेऊन यायला निघाला होता. मी आईंना डॉक्टरबाईंचं म्हणणं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी चाळीस माणसांच्या पाया पडले होते. एकाचाही चेहरा आठवत नाही. राहू दे, उष्टावण महिनाभरानं करू.” मामाला त्यांनीच फोन केला. आजवर आईंनी मला दिलेल्या गोष्टींत हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

नंतर एका रात्री मनी रडली. ते किरकिरणं नव्हतं. दरवाज्याकडे हात करून, माझ्या हातांतून मागे वाकत, श्वास अडकेपर्यंतचं रडणं होतं. पुढे बऱ्याच रात्री तसंच झालं. ती मौसींना शोधत होती. माझ्या आईचा फोन आला की ती काळजीनं म्हणे, “अगं, तिला तुझा लळा लागत नाहीये का?” पण हा शोक होता, आणि तो तिचा हक्काचा होता. एका माणसावर जीव लावला होता, तो माणूस नाहीसा झाला, आणि हे बाळाला सांगायला शब्द नव्हते. ते पुसून टाकायची घाई आम्ही केली नाही. डाव्या कुशीवर घेऊन थोपटत मी तिला म्हणत असे, “मौसींची आठवण येते ना, मलाही येते.” दुपटं उशाशी असे.

याच दिवसांत बांगड्यांचं लक्षात आलं. भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या बांगड्या वाजल्या की मनी मान वळवून बघायची, चेहरा दिसला की परत फिरवायची. मी तोवर हातात फक्त घड्याळ घालत असे. राजवाड्याजवळून काचेच्या बांगड्या आणल्या आणि तिला पाजताना, थोपटताना घालू लागले. पहिल्या दिवशी तिनं बाटली सोडून माझ्या मनगटाकडे पाहिलं, एक बोट बांगडीत अडकवलं आणि तसंच धरून दूध पीत राहिली. अजूनही पिताना तेच बोट तिथेच असतं.

“तुम्ही तर यशोदा हो,” असं आम्हाला भेटणारं निम्मं इंदूर म्हणतं. प्रेमानंच म्हणतात. पण गोकुळात वाढवलं कुणी आणि मथुरेला जाताना मागे कुणाला राहावं लागलं, हे आठवलं की मला त्या मौसी दिसतात. आमच्या गोष्टीतली यशोदा त्या आहेत.

दुसरं हमखास ऐकायला मिळालेलं म्हणजे दुधाचं. अंगावर पाजलं नाही तर माया कशी लागणार? आईंनाही आतून तीच भीती होती, त्यांनी ती एकदा बोलून दाखवली. मी त्यांना हार्लोच्या माकडांची गोष्ट सांगितली. १९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी आईपासून वेगळ्या केलेल्या पिलांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काही नाही. पिलं दुधापुरती तारेकडे जात आणि दिवसभर कापडाला बिलगून बसत. घाबरली तरी तिकडेच धावत. प्रयोग निर्दयी होता, वाचताना त्रास होतो. पण पोट भरणं आणि आसरा मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं. लंडनमधले मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी त्याच सुमाराला हेच मांडत होते: बाळ आईला धरून राहतं ते नुसतं दुधासाठी नाही, भीतीच्या वेळी जवळ जाता येईल असं एक माणूस त्याला जगायला लागतं म्हणून. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बिचारी पिलं!” दुधाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मला जड गेलेली गोष्ट वेगळीच होती. मनीला लागलं तर ती माझ्याकडे बघत नसे. एकदा पलंगाच्या कडेवर डोकं आपटलं, ओठ थरथरला, आणि मी हात पुढे केले तर पाठ फिरवून चटईची कड खरवडत बसली. असं बाळ बघून आपण मागे सरकतो, तिला एकटीला बसू द्यावं असं वाटतं. मेरी डोझियर या अमेरिकन संशोधिकेनं सांभाळायला दिलेल्या बाळांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यांचं म्हणणं याच्या उलट आहे. जागा बदललेलं बाळ अनेकदा ‘मला तू नको आहेस’ असं वागतं, आणि सांभाळणारा माणूस तसाच वागू लागतो, म्हणजे तोही लांब राहतो. ही साखळी मोठ्यानंच तोडायची असते. बाळानं मागितलेलं नसलं तरी जवळ जायचं. मी चटईवर तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, “लागलं का गं” म्हटलं. तिनं हात झटकला. मी उठले नाही. असं कितीदा झालं असेल! हळूहळू झटकणं कमी झालं. मग एकदा लागल्यावर तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मगच भोकाड पसरलं. त्या रडण्याचा मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकले नाही, कारण ऐकणाऱ्याला तो कळला नसता.

प्रत्येक वेळी बरोबर ओळखता येतं असंही नाही, आणि यायला लागत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई आणि बाळ समोरासमोर असतानाचं चित्रीकरण क्षणाक्षणानं तपासलं. अगदी छान जमलेल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ साधारण तिसऱ्या हिश्शाइतकाच निघाला. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. बाळाचा विश्वास बसतो तो या पुन्हा जुळवून घेण्यावर. नव्या आई-बाबांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगळं ओळखता येत नसलेल्या दिवसांत मला याचाच आधार होता.

आणि मनीनं आधी निवडलं ते बाबाला. दिवसभर मी घरी, पण संध्याकाळी फाटक वाजलं की ती रांगत दाराशी जायची. दिवेलागणीची किरकिर तोच खिडकीशी उभा राहून शांत करायचा, रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षेचं नाव घेत. मला वाईट वाटलं. पण ग्लासगोच्या अभ्यासात हेही आहे: जो पाजतो-न्हाऊ घालतो त्याचाच पहिला लळा लागतो असं नाही, जो बाळाच्या हाकेला ओ देतो त्याचा लागतो. आणि दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांनी एकाहून जास्त माणसं धरलेली असतात. ते वाचल्यावर आईंनाही बरं वाटलं. त्यांची पाळी यायची होती.

माझ्या रजेबद्दल थोडं. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा दिली होती, ती तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी. वर सांगितलेली प्रक्रिया पाहिली तर इतकं लहान बाळ हाती येणं जवळजवळ अशक्य. आठव्या महिन्यात आलेल्या बाळाला आईची गरज कमी असते, हे कुणी कुठून ठरवलं? मी बिनपगारी सुट्टी घेतली. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या बाळांचं काय, हा प्रश्न मला आजही छळतो.

दिवाळीच्या आसपास कॉलनीच्या बगिच्यात मनी माझ्या मांडीवरून उतरली, रांगत गुलमोहरापर्यंत गेली, थांबली, मागे वळून पाहिलं. मी हसले. तशी आणखी पुढे गेली, एक वाळकी शेंग उचलली, परत येऊन माझ्या गुडघ्याला हात लावला आणि पुन्हा निघाली. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४ मध्ये युगांडाच्या खेड्यांत घरोघरी बसून नेमकं हेच लिहून ठेवलं होतं: आई जवळ असली की बाळं लांब जातात. बिलगून बसणं हा लळ्याचा एक भाग झाला, बिनधास्त लांब जाणं हा दुसरा. त्या दिवसापासून मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर आकांत सुरू झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “लाडावून ठेवलीस.” आई ताडकन म्हणाल्या, “लाडावली नाही हो, ओळखायला लागली!”

दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, सप्टेंबर २०२२ पासून. आमचाही तसाच झाला. त्यानंतरही काम संपत नाही. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन अहवाल करतात. पहिल्या भेटीत त्यांनी मनीला घ्यायला हात पुढे केले. मनीनं त्यांच्याकडे पाहिलं, मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. बाई हसून वहीत लिहायला लागल्या. मी त्यांना विनंती केली की संस्थेत जाल तेव्हा हे मौसींना नक्की सांगा. फोटोही दिले.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वर्षाच्या आत दत्तक गेलेल्या मुलांचा लळा जन्मदात्यांजवळ वाढलेल्या मुलांइतकाच पक्का आढळला. वर्षानंतर गेलेल्यांना थोडं जड जातं, त्यांच्या आई-बाबांना जास्त काळ टिकून राहावं लागतं. नात्यातलं कुणी “परकं ते परकंच” म्हणालं, तर हे त्यांना सांगा.

आता मी कामावर रुजू झाले आहे. दुपार आईंची. त्यासाठी महिनाभर आधीपासून आई एकेक वेळ हातात घेत गेल्या. आधी दुपारची नाचणीची पेज, मग झोप, मी घरात असतानाच. बऱ्याच जणी सांगतात, मूल खेळात असताना हळूच सटक, रडणार नाही. मी तसं करत नाही. आधीच एकदा तिचं माणूस असं न सांगता दिसेनासं झालं आहे. मी तिच्यासमोर बसून सांगते, “आई जाते, पाच वाजता येते.” ती रडते. आई तिला खिडकीशी नेतात, रिक्षा दाखवतात, आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत रडणं थांबलेलं असतं, असं त्या म्हणतात. पाच वाजता मी दार उघडलं की आधी फुरंगटून आईंच्या पदराआड जाते, मग येते.